दोन सारखी घड्याळं
पेट्रोलचा वास आला की मी अजून नाक दाबतो, कारण बागबाजारातल्या त्या घड्याळजीच्या टपरीत घड्याळांचे सुटे भाग पेट्रोलच्या वाटीत बुडवून ठेवलेले असायचे. कलकत्त्याला बदली झाली त्याच वर्षी वडिलांच्या मागे राहिलेलं मनगटी घड्याळ माझ्या हातून पडलं आणि आतल्या चाकाचा आस मोडला. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. महिनाभर शहर पालथं घातलं, आस मिळेना. शेवटी या टपरीत आलो, तर एक म्हातारे बंगाली बाबू अगदी माझ्यासारखंच घड्याळ घेऊन बसलेले. त्यांचं चालू होतं, फक्त तेलपाणी करायचं होतं. घड्याळ तिथेच ठेवून ते गेल्यावर घड्याळजी पान चघळत माझ्याकडे पाहून हसला, "परसों आइए साब, पार्ट मिल जाएगा." मला कळलं, आणि कळूनही मी गेलो. बाबूही आले होते. "आर होबे ना, दादू," तुमचं घड्याळ आता चालू व्हायचं नाही, असं त्यांना सांगत घड्याळजीने ओठांवरची लाल लाळ हाताने पुसली आणि त्याच हाताने माझं चालू झालेलं घड्याळ माझ्यापुढे केलं. बाबूंनी ते माझ्याकडून बघायला घेतलं, कानाला लावलं, डोळे मिटले. "बिलकुल मेरा जैसा बोलता है," ते कौतुकाने म्हणाले. मी हात पुढे करून ते परत घेतलं. काय घाणेरडा माणूस तो घड्याळजी, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं, आणि मी निवृत्त होईपर्यंत ते घड्याळ रोज हातात बांधलं. मेलं एक मिनिटसुद्धा कधी मागे पडलं नाही.