तळ्याकाठची सतरा नंबरची जागा

२००४च्या उन्हाळ्यात आई आणि अण्णा पहिल्यांदाच आमच्याकडे, ओहायोतल्या डब्लिनला आले. अण्णांनी तालुक्याच्या गावी सायकली दुरुस्त करून मला इंजिनिअर केलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्यांना इथलं काहीतरी खास दाखवायचं म्हणून मी दोन तासांवरच्या स्टेट पार्कमध्ये कॅम्पिंगचा बेत आखला. ऑफिसातून चार-चारदा फोन करून अगदी तळ्याकाठची, सतरा नंबरची जागा मिळवली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

"घर असताना रानात झोपायचं, आणि त्यासाठी आधी फोन करून जागा मागायची," आई म्हणाली. "कौतुकच आहे बाई तुमच्या अमेरिकेचं."

माझी सात वर्षांची मुलगी अण्णांना धीर देत होती. "नो बेअर्स, आजोबा. ओन्ली रकून्स."

"अस्वलं नाहीत म्हणते, मांजराएवढे रकून तेवढे असतात," मी सांगितलं. अण्णा हसले आणि चष्मा लावून नकाशावर वाकले. "गाडी तंबूपर्यंत जाते ना?"

"नाही अण्णा. गाडी वरच लावायची आणि पायवाटेने खाली उतरायचं. म्हणून तर तिथे गर्दी नसते."

"म्हणजे येताना चढ."

"दहा मिनिटांचा."

"हां. मग ठीक."

पुढचे काही दिवस ते मधूनमधून विचारत राहिले. प्यायचं पाणी कुठून आणायचं? तिथे मोबाइल लागतो का? मी उत्साहाने सांगत गेलो की पाणी वरून कॅनमध्ये भरून न्यायचं आणि मोबाइल अजिबात लागत नाही, तीच तर मजा आहे. ते मान हलवायचे.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. एकदा बायको म्हणाली, "अण्णा जिन्यात थांबतात. मधल्या खिडकीशी, रोज. लक्षात आलंय तुझ्या?"

"बाहेर बघत असतील."

"त्या खिडकीतून फक्त कचऱ्याचा कंटेनर दिसतो."

तेव्हाच मी अण्णांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, उलट त्या शनिवारी त्यांच्यासाठी स्लीपिंग बॅग घेऊन आलो. दोन्ही खांद्यांवर एकेक सायकल टाकून नाला ओलांडणारा माणूस मी लहानपणी पाहिला होता, आणि तो दमतो हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडं येत होतं. त्यांच्या प्रवासी विम्याच्या कागदावर जुन्या आजारांचा खर्च मिळणार नाही अशी एक ओळ होती. ती मी वाचली होती आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

निघायच्या दोन दिवस आधी सामान गाडीत भरायला मी दुपारीच घरी आलो. जिन्यात कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता. मधल्या पायरीवर अण्णा बसले होते. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले कॅन, सदरा पाठीला चिकटलेला. उजव्या हाताने ते डावा दंड चोळत होते.

"सराव करतोय," ते म्हणाले. "परवा नातीसमोर थांबायला नको."

"कितव्यांदा चढताय?"

"तिसरी खेप. आईला सांगू नकोस."

त्यांचा हात धरला तर तो गार लागला. मी कॅन तिथेच सोडले. अर्ध्या तासात आम्ही इमर्जन्सीत होतो. त्यांच्या छातीला वायरी लावल्या गेल्या. तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं की हा त्रास कधीपासून आहे. अण्णांना इंग्रजी कळत नव्हतं. मी मराठीत विचारलं, आणि विचारतानाच मनात उत्तर तयार ठेवलं होतं: इथे आल्यापासून, हवा बदलली म्हणून.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"दिवाळीपासून. तिथल्या डॉक्टरांनी विमानात बसू नका म्हणून बजावलं होतं." मग अगदी हळू म्हणाले, "पण तू इतक्या हौसेनं बोलावलंस."

डॉक्टरबाई पेन धरून थांबल्या होत्या. मी त्यांना दिवाळी म्हणजे किती महिन्यांपूर्वी ते सांगितलं. विमानाचं सांगताना दोनदा अडखळलो. बाकीचं सांगितलं नाही.

त्यांनी लिहिणं थांबवलं आणि भिंतीवरचा फोन उचलला.