उघडा आठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तरी तिथेसुद्धा मी दुसरंच काहीतरी पुटपुटते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही समोर नाही. समोर माणूस असलं की माझी जीभ आत जाते. पहिल्यापासून मी अशीच.

वसईला एव्हरशाईनमध्ये पहिल्या मजल्यावर एक क्लास आहे. कॉम्प्युटर एकमेकांना कसे जोडायचे ते तिथे शिकवतात. नेटवर्किंग म्हणतात त्याला. मी तिथे झाडू-लादी करते, चहा करते. आमचं गाव खाडीकडचं, भातशेतीचं. आम्ही पाण्याला पानी म्हणतो. पहिल्याच आठवड्यात मी "पानी भरून ठेवलंय" म्हणाले आणि मागून कुणीतरी ओरडलं, "पानी की पाणी, मावशी? नक्की काय पिऊ?" सगळे हसले. तेव्हापासून मी तिथे मानेनेच बोलते.

तरी काम सोडलं नाही, ते त्या रॅकमुळे. रॅक म्हणजे कोपऱ्यातलं लोखंडी कपाट, बिनदाराचं. त्यात यंत्रं एकावर एक, प्रत्येकाच्या तोंडावर भोकांच्या ओळी, त्यांत निळ्या-पिवळ्या केबली. सकाळी मी कुलूप काढायचे तेव्हा खोलीत अंधार असायचा आणि ते सगळे हिरवे दिवे लुकलुकत असायचे. माणूस नाही, काणूस नाही — कुणाशी बोलत असतील ते? मी चपला दाराबाहेर काढायचे. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

सर शिकवायचे ते लादी पुसताना कानावर पडायचं. एकदा म्हणाले, "व्हीलॅन म्हणजे गावातली आळी समजा. गाव एकच, पण या आळीतलं बोलणं त्या आळीत जात नाही." मला लगेच कळलं! पोरं वहीत उतरवत बसली होती आणि मला लादीवर बसून कळलं. आमच्या गावात तरी वेगळं काय आहे?

मेघा त्या पोरांतलीच. फुलपाड्याहून यायची. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून सगळ्यांच्या आधी यायची आणि शेवटी जायची. मला काही विचारलं तर उत्तर येईपर्यंत थांबायची. असं थांबणारी ती एकटीच. एकदा तिने मला स्क्रीनवर एक खोटं गाव दाखवलं. चौकोन, रेघा, सगळं चित्रातलं. "इथे कितीही चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही, मावशी. म्हणून आधी इथे शिकायचं, मग रॅकवर." मग तिने मला खुर्चीवर बसवलं — मला! — आणि एकेक अक्षर दाखवलं. मी एका बोटाने दाबलं. पिंग — म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला मारलेली हाक. स्क्रीनवर आधी एक टिंब आलं, मग चार उद्गारचिन्हं.

"पहिली हाक वाया जाते," मेघा म्हणाली. "समोरचा आधी ओळख विचारतो. मग ओ देतो. टिंब म्हणजे ओ नाही, उद्गारचिन्ह म्हणजे ओ."

चौथी शिकलेल्या बाईच्या हाकेला यंत्राने ओ दिली होती. मला त्या दिवशी चहा गेला नाही. मेघाने हेही सांगितलं होतं की रॅकमधलं यंत्र सगळं लिहून ठेवतं — कोणती केबल कधी निघाली, कधी लागली. "नाव लिहितं?" मी विचारलं. "नाव नाही, मावशी. वेळ."

मी आडवळणाने चाललेय. कळतंय मला.

सरांनी सांगून ठेवलं होतं, "रॅकला हात लावायचा नाही, मावशी. लावलात तर मी दुसरी बाई बघेन." प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी सकाळी मी आले. रॅकच्या मागे पालीची घाण दिसली. तेवढी पुसावी म्हणून फडकं घातलं आणि एक केबल सुटून हातात आली. तिचा प्लास्टिकचा चाप आधीच तुटलेला होता. पण ओढली मीच ना?

कोणत्या भोकातली? ते मी पाहिलंच नव्हतं. केबलला चिकटपट्टी होती, पट्टीवर पेनने लिहिलेला आकडा. पट्ट्या मेघानेच लावल्या होत्या. मी वाचला — चार. मोबाईलमुळे इंग्रजी आकडे येतात मला, यंत्रावरचा चार शोधला, ते भोक मोकळंच होतं, तिथे केबल खोचली. आधी नारिंगी दिवा लागला. मी श्वास धरून उभी. मग तो हिरवा झाला. मला वाटलं, सुटले.

पट्टीवर आठ होता. इंग्रजी आठ. मेघाचा आठ वर उघडा राहायचा, अगदी आपल्या मराठी चारासारखा. मला शाळेत शिकलेला चारच दिसला. केबल भलत्याच आळीत गेली, आणि दिवा मात्र हिरवाच.

परीक्षेआधी सर मुद्दाम एक बिघाड करून ठेवत, मुलांनी तो शोधायचा. जो पहिला येईल त्याला क्लासमध्येच लॅब सांभाळायची नोकरी मिळणार होती. मेघाला तीच हवी होती. रॅक दिवसभर हाताशी राहिला असता. पहिली पाळी तिचीच आली. सरांचा बिघाड तिने चहाला उकळी यायच्या आत शोधला. तरी हाकेला ओ येईना. नुसती टिंबं. पुन्हा टिंबं. मी चहाचे कप मांडत होते, आणि मला कळलं होतं, ही माझीच केबल. वेळ संपली.

सरांनी वाकून केबल पाहिली. "आठची चारात? घाबरून केबली हलवत बसलीस? हा काय टीव्हीचा रिमोट आहे, थोपटून बघायला?" मागचे हसले. सरांचा फोन वाजला, ते बाहेर गेले. पोरंही व्हरांड्यात गेली.

मेघाने यंत्राची ती नोंद उघडली. आठवर केबल निघाली, चारवर लागली. पुढे वेळ. सकाळची, मेघा यायच्या कितीतरी आधीची. त्या वेळी क्लासची किल्ली माझ्या एकटीकडेच असते. तिने पट्टी हातात घेतली, बराच वेळ पाहिली, मग माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता.

"मावशी, हा आकडा तुम्हाला कोणता दिसतो?"

सांगायचं होतं एवढंच. एक शब्द. मी म्हणाले, "मला कुठं वाचता येतं गं, बाय."

जिने मला खुर्चीवर बसवून अक्षरं दाखवली, तिलाच मी हे सांगितलं. ती थांबली. नेहमीसारखी थांबली. मी कप उचलले.

मग ती स्क्रीनकडे वळली. काहीतरी टाईप केलं. यंत्राने परत काहीतरी विचारलं — नक्की का, असंच असणार. तिने एंटर दाबलं आणि नोंदीच्या सगळ्या ओळी पुसल्या गेल्या. सर आत आले तेव्हा दाखवायला तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं. ती "सॉरी सर" म्हणाली. मी तिथेच होते, हातात ट्रे धरून.

नोकरी दुसऱ्या मुलाला मिळाली. मेघाने कोर्स पुरा केला आणि गेली. आता ती एका मोबाईलच्या दुकानात स्क्रीनला काचा चिकटवते. मागे बाजारात भेटली. मी पदर सावरत बाजूला होत होते, तर तिनेच हाक मारली. "मावशी, दिवे बरे आहेत ना आपले?" मी मान हलवली. तेव्हाही मानच.

रोज सकाळी मी कुलूप काढते, चपला बाहेर ठेवते. दिवे तसेच हिरवे असतात. ती पट्टी अजून त्या केबलवर आहे.

चार, मेघा. मला चार दिसला. मी वाचला होता.