गल्ली संपेपर्यंत पाणी नाही

ती कोणाच्याही घरी पाणी प्यायची नाही. अकोल्याच्या मे महिन्यात, दुपारी कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसतात तेव्हा, ती खांद्याला कापडी पिशवी लावून दारोदार फिरायची आणि पुढे आलेला ग्लास हाताने बाजूला सारायची. म्हणून आमच्या गल्लीने तिचं नाव कोरडी बाई ठेवलं. खरं नाव मला माहीत आहे. पण त्या नावाने तिला हाक मारलेली मी कधी ऐकली नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

तिचं काम विचारण्याचं होतं. साबण, चहापत्ती, मसाला काढणाऱ्या कंपन्यांना लोक काय वापरतात, काय टाकून देतात, कशासाठी दोन पैसे जास्त देतील, हे कळावं लागतं. दुकानदार सांगतो त्यात त्याचा फायदा असतो. म्हणून अमरावतीचं एक ऑफिस अशा बायकांना घरोघर पाठवायचं. कोरडी बाई अमरावतीहून सकाळच्या गाडीने यायची आणि संध्याकाळी परत जायची.

पहिल्यांदा आली ती साबणाचं विचारायला. मी पाणी दिलं, तिने नको म्हटलं. आम्ही बौद्ध. आमच्या घरचं पाणी नको म्हणणारे लोक मी लहानपणी पुष्कळ पाहिले, आणि ते का नको म्हणतात हे मला चौथी पास व्हायच्या आधीच कळलं होतं. मी सरळ विचारलं, "आमच्या घरचं चालत नाही काय वो तुमाले? मंग आमचं उत्तर कायले पायजे?"

ती हसली नाही. म्हणाली, "जयभीम, मावशी. मी आपल्यातलीच आहे. पण पाणी पेलं का मी पाहुणी होते. पाहुणीच्या तोंडावर कोणी वाईट सांगते काय?"

"मी सांगते. पाणी देऊन शिव्या बी देते."

"समद्या असंच म्हणतात," ती म्हणाली आणि साबणाचे कागद काढले.

त्या दिवसापासून अकोल्यात काम असलं की ती डबा आणि पाण्याची बाटली माझ्याकडे ठेवून जायची. बाटली सोबत का नेत नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणे, कोणाच्या ओट्यावर बसून स्वतःची बाटली काढणं म्हणजे त्या घराला हलकं लेखणं. ते खरंच होतं. एका घरी पाणी प्यावं, तर शेजारीण म्हणणार, तिच्या घरचं चाललं, आमचं काहून नाही? आपल्याकडे या गोष्टीवरून माणसं तुटतात. म्हणून तिचा नेम होता, गल्ली संपेपर्यंत पाणी नाही. दुसरंही एक कारण होतं, ते ती बोलायची नाही. दिवसभर परक्या गल्ल्यांत फिरणाऱ्या बाईने लघवीला जायचं कुठे? कमी पाणी प्यायलं की तो प्रश्न मिटतो. असं काम करणाऱ्या सगळ्याच बाया तो असाच मिटवतात.

विचारण्याची तिची रीत मात्र बघण्यासारखी होती. हे आवडतं का, असं ती कधी विचारायची नाही. "आवडते काय असं विचारलं का माणूस हो म्हणते," ती सांगायची. "मागचं संपल्यावर काय आणलं, ते विचारावं." सासू समोर असताना ती सुनेला एक अक्षर विचारायची नाही. आधी सासूलाच विचारायची, तेही भरपूर. सासू बोलून बोलून थकली आणि आडवी झाली, की मग सुनेकडे वळायची. आमच्या शेजारच्या घरी सासूने तासभर घरच्या कुटलेल्या मसाल्याचे गुण गायले. सुनेने नंतर हळूच तांदळाच्या डब्यातून विकतचा पुडा काढून दाखवला. कोरडीने ते लिहून घेतलं आणि सासूला कळू दिलं नाही.

हा नेम तिने का धरला, ते एकदा माझ्या ओट्यावर भाकर खाता खाता तिने सांगितलं. अमरावतीत एकाने रश्श्याचा तयार मसाला काढला होता. तो घराघरांत फुकट वाटून, कसा झाला ते विचारून यायचं काम तिला मिळालं. नवीनच होती. ज्या घरी गेली तिथे बसली, चहा प्यायली, पोहे खाल्ले. सगळ्या म्हणाल्या, मस्त आहे. आपला चहा पिणाऱ्या बाईला, तिनेच फुकट दिलेल्या वस्तूचं वाईट कोण सांगेल? वऱ्हाडातली बाई तर नाहीच सांगणार. मालकाने तिच्या कागदांवर विश्वास ठेवला, मशीन घेतली, भरमसाट माल भरला. माल दुकानांतून परत आला. मसाला मिळमिळीत होता. कारखाना बंद पडला. तिथे पुडे भरायला तिची सख्खी नणंद होती आणि त्यांच्याच मोहल्ल्यातल्या बाया होत्या. सगळ्या घरी बसल्या. नणंद त्यानंतर तिच्याशी बोलली नाही.

"त्यायनं मले फसवलं नाही, मावशी," ती म्हणाली. "त्यायनं माहा मान ठेवला. त्या मानापायी समद्यायचं वाटोळं झालं."

मी तिला म्हटलं, तू तहान मारल्याने तो मसाला आता तिखट व्हायचा नाही. तिला ते आवडलं नाही. डब्याला झाकण लावून उठून गेली. बाटली उघडलीही नाही.

मग काही वर्षांनी कूलरचं काम आलं. कूलर बनवणाऱ्या कोणाला तरी पुढच्या उन्हाळ्यासाठी नवा कूलर काढायचा होता. ते काम ऐन मे महिन्यात करायचं हे तिनेच ऑफिसला सांगितलं होतं. तिचं म्हणणं, हिवाळ्यात विचारलं तर माणूस खोटं बोलत नाही, पण विसरतो. आणि विचारायचं भर दुपारी, कारण बाया तेव्हाच मोकळ्या असतात. आता तुझं वय झालं, सकाळी जा, असं मी म्हटलं. सकाळी नळाची वाट पाहणारी बाई कूलरचं काय सांगणार, असं तिने मलाच विचारलं.

तिला त्यातून एक गोष्ट सापडली. दुपारी घरात बाई एकटी असली की कूलर बंद असतो. ऑफिसला वाटत होतं, बाया विजेच्या बिलाला भितात. बिलाचा प्रश्न नव्हताच. आमच्याकडे नळ रोज येत नाही. भरून ठेवलेलं पाणी कूलर बादल्यांनी पितो. म्हणून बाया नवरा आणि पोरं घरी येईपर्यंत तशाच उकडत बसतात. हे कळलं त्या दिवशी ती खुशीत होती. म्हणाली, "आता कमी पाण्याचा काढतीन पहा ते."

दुसऱ्या दिवशी ती आमच्या मागच्या गल्लीत गेली. ती गल्ली लांब आहे आणि तिथे एकच कडुनिंब आहे. त्याच्या पुढच्या घरी विचारता विचारता ती असंबद्ध बोलायला लागली. साबणाचं विचारायला लागली. त्या घरच्या बाईने पाणी पुढे केलं, तर हाताने सारून म्हणाली, गल्ली व्हायची आहे. मग ओट्यावरच कोसळली. बायांनी तिला उचलून माझ्याकडे आणलं. आम्ही तिच्या अंगावर पाणी ओतलं. तोंडात घातलेलं आत गेलं नाही. सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत ती गेली. डॉक्टर म्हणाला, ऊन लागलं. तिची बाटली माझ्या कोनाड्यात भरलेली होती.

नवरा आधीच वारला होता. अमरावतीहून नणंद आली. इतकी वर्षं बोलली नव्हती, ती आता फार रडली. मला त्या रडण्याचं काही वाटलं नाही. ऑफिसचा माणूसही आला. त्याने हात जोडले, दवाखान्याचं पाहिलं आणि जाताना भरलेले कागद मागितले. मी दिले. ते त्याचेच होते.

पुढच्या उन्हाळ्यात कमी पाण्याचा कूलर बाजारात आला. चांगला खपला. माझ्या मुलानेही आणला. आता मी दुपारी एकटी असताना तो लावते.

यंदा त्याच कूलरचं विचारायला एक पोरगी आली. हातात कागद नव्हते, मोबाईलसारखी पाटी होती. चेहरा लाल झाला होता. मी ग्लास पुढे केला. ती म्हणाली, "नको, आजी. आमाले तसंच शिकवलं आहे. आमच्या ऑफिसात एक जुन्या मॅडम होत्या म्हणे, त्यायचा नियम आहे. गल्ली होईपर्यंत पाणी घ्यायचं नाही."

मी ग्लास तिच्या हातात कोंबला. "पे. नाही पेली त एक बी उत्तर भेटणार नाही."

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि प्यायली, घटाघटा. मग ओशाळून विचारलं, कूलर कसा आहे?

मी सांगितलं. आवाज करतो. गवत एका उन्हाळ्यात सडतं, सडलं की वास मारतं. चाकं तकलादू आहेत. ती भराभर टिपत होती. मी ग्लास पुन्हा भरून तिच्यापुढे ठेवला आणि कूलरच्या उरलेल्या खोडी सांगायला बसले.