आकडे घातलेला फोटो

आर्विडकाका फोटोला हात लावण्याआधी हात धुवायचे. मग ते ओले हात पँटला पुसायचे, म्हणजे धुतल्याचा उपयोग तिथेच संपायचा. फोटो आधी उलटा ठेवून मागचा मजकूर वाचायचे. कॉफी पिताना साखरेचा खडा दातांत धरायचे आणि तसंच बोलायचे. फोटोत जर्मन शिपाई असला तर त्याच्यावर कॉफीच्या पुड्याचा एक तुकडा ठेवायचे, आणि मगच त्याच्यामागचं घर बघायचे.

"आज किती जणांना कॉफीखाली गाडलंस?" शेजारच्या गुड्रुनमावशी विचारायच्या. मावशी त्र्याऐंशीच्या, काका त्रेसष्टचे.

"चौघांना. एक जाडा होता, त्याला दोन तुकडे लागले."

सीव्हला हे पाठ झालं होतं. ती देशाच्या दक्षिणेत साहित्य शिकून परत आली होती आणि गावच्या वाचनालयात काम करत होती. तिला जर्मन येत असल्यामुळे काकांची जर्मनीला जाणारी पत्रं तीच भाषांतर करून द्यायची. मार्चमध्ये पायऱ्यांवरचा बर्फ काढताना काका गेले. फावडं अजून भिंतीला टेकून उभं आहे. तिने ते हलवलेलं नाही.

चव्वेचाळीस साली, हिवाळ्याच्या तोंडावर, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने देशाच्या उत्तर टोकाचं आमचं गाव जाळलं. माणसांना बोटींत घालून दक्षिणेला धाडलं. घरांबरोबर घरातले फोटोही गेले. जुनं गाव बघायचं तर ते त्याच शिपायांनी हौसेने काढून घरी पाठवलेल्या फोटोंत. काकांनी तीस वर्षं तिकडच्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या आणि असे फोटो गोळा केले. फोटो हातात धरून ते खिडकीशी उभे राहायचे. घरं राहिली नव्हती, पण डोंगराची कड तीच होती. कड जुळली की कुठलं घर ते सांगायचे.

त्यांना स्वतःला एकच फोटो हवा होता, आईचा. ती दक्षिणेत पोचल्यावर त्याच हिवाळ्यात वारली. तिचे हात त्यांना आठवायचे. चेहरा आठवत नव्हता.

काका जाण्याआधीच्या सप्टेंबरमध्ये जर्मनीतून हाइडे ल्यूडर्स या बाईचं पत्र आलं. तिचे वडील युद्धात दोन वर्षं आमच्या गावात शिपाई होते. अल्बममध्ये साठेक फोटो होते, त्यांत गावातल्या बायकामुलांचेही होते. नमुन्यादाखल तिने एक पाठवला होता. टेकडीवरून काढलेलं सगळं गाव, आणि प्रत्येक छपरावर शाईने बारीक आकडा. एक ते एक्केचाळीस. "वडील म्हणायचे, मला तिथलं प्रत्येक घर माहीत होतं," तिने लिहिलं होतं. "जिव्हाळ्यानेच आकडे घातले असतील ना? खरं काय ते कळवा. उत्तर आलं की अख्खा अल्बम तुमचा."

त्या फोटोत एकही शिपाई नव्हता. काकांना पुड्याचा तुकडा लागलाच नाही.

"पण आकडे रांगेने का नाहीत?" सीव्हने विचारलं. "दोन धक्क्याजवळ आणि तीन एकदम वरच्या अंगाला."

"ज्या घरी आधी कॉफी मिळाली त्याला आधीचा नंबर दिला असेल," काका म्हणाले.

सीव्हने वाचनालयाच्या मशीनवर प्रती काढल्या. रविवारी गावच्या हॉलमध्ये वॉफल आणि कॉफी झाली. काकांनी आकड्यांपुढे नावं लिहून आणली होती.

"तेरा नंबर माझा."

"तुझा कसला? आजोबांचा. तू पाळण्यात होतास, भोकाड पसरून."

"हेच ते, मागे मासे वाळवायचा मांडव आहे बघ."

अडतीस प्रती गेल्या. लोकांनी त्या फ्रेम करून टांगल्या.

गुड्रुनमावशी त्या दिवशी सर्दीने घरीच होत्या. त्यांची प्रत सीव्हने नेऊन दिली. आठवड्याने त्या ती घेऊन काकांकडे आल्या, तेव्हा सीव्ह तिथेच होती. मावशी कोट न काढता बसल्या.

"मी बोटीतून बघत होते," त्या म्हणाल्या. "आधी धक्क्यावरचं मीठघर पेटलं. मग योहानसेनचं. मग शाळा. मला नवल वाटलं, मधली घरं सोडून वर शाळेकडे का गेले. शाळेनंतर आमचं."

बोलताना त्या फोटोतल्या छपरांवर बोट ठेवत होत्या. एक. दोन. तीन. चार.

"मावशी, पन्नासच्या वर वर्षं झाली," काका म्हणाले.

"मला काल काय खाल्लं ते आठवत नाही, आर्विड. हे आठवतं."

"पुढे?"

"पुढे धूर होता."

काकांनी दातांतला साखरेचा खडा काढून बशीत ठेवला. त्यांचं घर सत्तावीस नंबरचं. त्यांच्या आताच्या घरात एक शिलाई मशीन आहे, आईचं. जाळपोळीच्या दिवशी एका पोरगेल्या शिपायाने तिला ते घरातून बाहेर काढू दिलं, दोन फेऱ्या मारू दिल्या. त्या शिपायाला आई शेवटपर्यंत दुवा द्यायची आणि काकाही त्याला चांगला माणूस म्हणायचे.

"म्हणजे आमची पाळी आली नव्हती, एवढंच," ते म्हणाले.

"मशीन तर वाचलं ना," मावशी म्हणाल्या. जाताना त्यांनी आपली प्रत टेबलावरच ठेवली.

"आता हाइडेबाईंना काय लिहायचं?" सीव्हने विचारलं.

"तिने खरं विचारलंय."

"खरं लिहिलं आणि तिने अल्बम दिलाच नाही तर?"

"तर नाही."

"आणि जिव्हाळ्यानेच घातले म्हटलं तर?"

"तर त्यात आई असेलही." ते खिडकीकडे गेले. हातात फोटो नव्हता. "तिचाही बाप आहे तो, सीव्ह. आणि लोकांच्या भिंतींवर मीच ते टांगलंय."

हिवाळाभर ते रोज म्हणायचे, उद्या लिहितो. हाइडेबाईंची दोन स्मरणपत्रं आली. गावात कुणाला सांगितलं नाही. मावशीही बोलल्या नाहीत. काकांनी नवा फोटो एकही मागवला नाही.

अंत्यविधीनंतर सीव्ह त्यांच्या घरी गेली. टेबलावर आकड्यांचा फोटो होता, आणि सत्तावीसवर कॉफीच्या पुड्याचा तुकडा. शेजारी तिने जर्मन करावं म्हणून लिहायला घेतलेला कागद, मऊ पेन्सिलीने:

"प्रिय हाइडेबाई, तुमच्या वडिलांना आमचं प्रत्येक घर माहीत होतं, हे खरं आहे. ते आकडे"