वाराचा वळू

अंबूबाईला जगात फारशी कुणाची किंमत नव्हती. सरपंच तिच्या लेखी गोठ्यातल्या खुंट्यासारखा होता, कुणीही बांधावं आणि कुणीही सोडावं. उर्से टोलनाक्यावर गणवेश घालून उभा राहणारा सख्खा भाचासुद्धा तिला 'गाड्या मोजणारा' एवढाच वाटे. तिनं नाक मुरडलं की भले भले स्वतःच्या सदऱ्याच्या गुंड्या तपासत. मान होता तो फक्त दोघांना, मेलेला नवरा रखमाजी आणि त्याच्या नावानं सोडलेला वळू.

रखमाजीनं शेवटच्या दुखण्यात एकच मागितलं होतं. कपिला गाईचा पहिला गोऱ्हा बहिरोबाला सोड, म्हणाला. त्याचं दिवसकार्य झाल्यावर अंबूबाईनं गोऱ्ह्याच्या पाठीवर गुलाल टाकला, गळ्यातलं दावं कापून देवाच्या पायाशी ठेवलं आणि त्याला मोकळा केला. एकदा सोडलेल्या जनावराला पुन्हा दावं लावायचं नाही, औताला जुंपायचं नाही आणि उपाशी ठेवायचं नाही, ही गावाची रीत. वाडीतल्या सात घरांनी त्याचे वार लावून घेतले. सोमवार अंबूबाईचा, मंगळवार सविताचा, पुढं असंच. संध्याकाळ झाली की वळू बरोबर त्या दिवसाच्या दारात जाऊन उभा राही आणि तांदळाची भाकरी, कोंडा खाऊन निघून जाई. त्याला शिंगं होती, पण कुणाला मारायची हौस नव्हती.

मग अमृतनं बंगला बांधला. अमृत रखमाजीचा पुतण्या, हिंजवडीच्या एका कंपनीत मोठा साहेब. काम काय, तर माणसं ठेवायची आणि काढायची. वाटणीच्या खाचरात भात लावायचा सोडून त्यानं लॉन लावलं. भर पावसाळ्यात, जिथं बांधावरही गवत मावत नाही तिथं, माणूस गाडीभर गवत विकत आणतो, हे अंबूबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. हसून हसून.

वळूला मात्र लॉन आवडलं. एका रविवारी अमृत तणतणत चुलतीच्या ओट्यावर आला.

"काकू, याचं काहीतरी करायला हवं. मी सरपंचांशी बोललोय. उद्या सोमवारी टेंपो येईल, तिकडं लांब घाटाखाली एक जागा आहे, तिथं सोडतील. यू हॅव टू लेट गो, काकू."

"काय करू म्हनतूस?"

"लेट गो. म्हणजे मनातून मोकळं करायचं. धरून बसायचं नाही. आमच्याकडं कुणाला कामावरून कमी केलं तरी आम्ही 'काढलं' नाही म्हणत. वुई लेट हिम गो, असं म्हणतो. त्याला अपमान वाटत नाही."

अंबूबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हंजे तुमी बी सोडता व्हय मानसं?"

"तसंच म्हण."

"मंग त्यास्नी जेवाय कोन घालतं?"

अमृत हसला. "ते त्याचं तो बघतो ना."

"वार न्हाई लावत कुनी?"

"काकू, कंपनी आहे ती."

"मंग हाकललं म्हन की सरळ. लाथ घालायची तर जोडा काढून कशाला घालता?"

अमृत घड्याळ बघून ओट्यावरून उतरला. अशा लोकांशी बोलायचं ट्रेनिंग त्याला मिळालं होतं, त्यात वेळेवर निघणंही होतं. सरपंचानं तर आधीच मान डोलावली होती. अमृत दोन वाक्यं इंग्रजीत बोलला की सरपंचाला तिसरं ऐकायची गरज पडत नसे.

अंबूबाईला रात्रभर रखमाजीचा चेहरा दिसत राहिला. वळू गेला तर नवऱ्याला काय तोंड दाखवायचं, हे एकच तिला कळत नव्हतं.

सोमवारी टेंपो आला. ड्रायव्हरनं दोरखंड काढला आणि बांधायला माणसं हाकारली. एकही पुढं झाला नाही. सरपंचाला तेवढ्यात तळेगावात काम निघालं. सोडलेल्याच्या गळ्यात दावं घालणारा हात वाडीत नव्हता, आणि अंबूबाई वळूच्या पुढ्यात फतकल मारून बसली होती. वैतागून ड्रायव्हरनं अमृतला फोन लावला. पलीकडून अमृत एवढंच म्हणाला, "राहू द्या." टेंपो रिकामा गेला.

गुरुवारी अमृत बंगल्यावर आला, कामाच्या दिवशी. गाडीतून त्यानं एक खोका काढला, त्यात कॉफीचा मग आणि कुंडीतलं मेलेलं एक झाड होतं. अंबूबाई कुंपणाशी उभी राहिली.

"सुट्टी हाय जनू?"

"नाही काकू." त्यानं खोका पायरीवर ठेवला. "सोमवारी सकाळीच बोलावलं त्यांनी. मला लेट गो केलं."

"तुला? हसून?"

"हसूनच. हातात हात घेऊन."

खोटं कशाला सांगा, अंबूबाईला लय बरं वाटलं. इतकं बरं की घरी येताना तिनं देवाला हात जोडले. दुसऱ्यांना ज्या वाटेनं धाडलं त्याच वाटेनं गडी आला होता, आणि गोड शब्दानं पोट भरत नाही हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. तिनं ही बातमी सातही घरी स्वतः जाऊन दिली, तिखटमीठ लावून.

पण तीन-चार दिवस बंगल्याच्या स्वयंपाकघरात दिवा लागला नाही. अमृत पायरीवर बसे, फोनकडं बघे. फोन वाजत नसे. ज्या माणसांबरोबर तो रोज जेवायचा त्यांच्यातलं कुणी फिरकलं नाही. वळू लॉन खात होता आणि अमृत त्याला हाकलतही नव्हता. अंबूबाईला त्याची दया आली असं मात्र नाही. असल्या नेभळटाला गोड तोंडानं दया दाखवायला ती काय कंपनीतली होती?

सोमवारी संध्याकाळी वळू तिच्या दारात आला. तिनं त्याला भाकरी घातली, कोंडा घातला, पाठीवर थाप मारली. मग दुसरी भाकरी, वाटाण्याची आमटी आणि कांदा ताटात घेऊन ती बंगल्याच्या पायरीशी गेली आणि ताट आदळलं.

"खा."

"काकू, कशाला?"

"सोडल्याला ह्या गावात उपाशी ठेवत न्हाईत. मग त्यो कसला बी असू दे." ती वळली आणि जाता जाता म्हणाली, "उद्या मंगळवार. सविताच्या दारात जा, तिला सांगून ठिवलंय. वळूच्या मागं मागं गेलास तरी घर गावंल."