पाच पायांची मुंगी

माझ्या नोकरीपायी मुलीला इस्रायलला आणलं, हा अपराध मला बोचत होता. किर्यात गातच्या बालवाडीत ती महिनाभर तोंड उघडत नव्हती. म्हणून रोज सकाळी मीच थांबून तिच्या वतीने बोलायचो.

तिथल्या मदतनीस मावशी तरुणपणी कोकणातून आलेल्या मराठी ज्यू. अंड्यांच्या पुठ्ठ्यातले तीन खळगे कापून त्या मुलांकडून मुंग्या करून घेत. बोटांचा गोंद ॲप्रनला पुसत प्रत्येकाला तारेचे पाचच पाय देत आणि सहावा मुठीत ठेवत. मुलं पाय मोजत, मग मागायला येत.

माझी मुलगी मुंगी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली, पण बोलेना.

“मावशी, तिला एक पाय द्या ना,” मी म्हणालो.

“मुंगी तुमची काय, मिस्टर? नाय ना? मग गप बसा.”

मूठ उघडली नाही. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी कसाबसा खिडकीबाहेर बघत राहिलो.

“ओद रेगेल,” मागून बारीक आवाज आला. हिब्रूत, आणखी एक पाय.

वळलो तर ती पाय चिकटवत होती.

“आता कामावर जावा,” मावशी म्हणाल्या.

इतक्या मायेने मला कुणीच कधी घालवून दिलेलं नाही.