चार मिशांची प्रजात

कॉलेजात त्यांना सगळे मिशीवाले सर म्हणत. स्वतः रोज गुळगुळीत दाढी करून यायचे. मिशा होत्या त्या त्यांच्या माशांना. गोड्या पाण्यातल्या कार्प माशांच्या कुळात एक प्रजात होती, सख्ख्या-चुलत जातींचं खटलंच म्हणा. तिच्यातल्या काहींच्या तोंडाशी दोन मिशा, काहींच्या चार. सरांनी एकोणीस वर्षं नद्या पालथ्या घातल्या, हजारो मासे बरण्यांत भरले आणि चार मिशांवाल्यांचं वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं. नवी प्रजात, नाव सरांनी ठेवलेलं. पुस्तकांतही आलं.

एकदा त्यांची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, एकाच मादीची अंडी वाढवून बघू या? मिशा पाण्यावर अवलंबून असतील तर?"

"आधी मोजायला शीक," सर सगळ्यांदेखत म्हणाले. पोरगी खाली मान घालून गेली, ती दुसऱ्याच कॉलेजात.

सहा वर्षांनी तिचा प्रबंध तपासायला सरांकडेच आला. एकाच मादीची अंडी, दोन टाक्या. संथ पाण्यातल्या पिल्लांना दोन मिशा, वाहत्या पाण्यातल्यांना चार. सर बारा दिवस चूक शोधत होते. तिचे मासे मागवून घेतले, भिंगाखाली एकेक मिशी मोजली. एकही आकडा हलेना.

तोंडी परीक्षेत त्यांनी उगाच खोडा घातला, "टाक्या रोज साफ करत होतीस?"

"हो सर. तुम्हीच सवय लावलीत."

सगळे कौतुकाने हसले. सरांना ते फार झोंबलं. त्यांनी सही केली आणि चहाला न थांबता निघाले.

घरी बायकोने विचारलं, "काही चुकलंय का तिचं?"

"नाही ना. तेच तर."

"मग तुमच्या प्रजातीचं?"

"ती नाहीच. कधी नव्हतीच."

बायको भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही धरणावर होतात. चार दिवसांनी आलात, बरण्या घेऊन."



संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला, दोनदा. त्यांनी उचलला नाही. पुढे तिने पत्र पाठवलं, तेही फोडलं नाही. तिच्याशी भांडायला मुद्दा नव्हता, आणि तेवढं एकच त्यांना तिला माफ करता आलं नाही.